शनिवारचा सारस

कल्पना करा, तुम्ही एका तलावाच्या दगडी पायऱ्यांवर बसला आहात. सकाळचे आठ वाजले आहेत, पाय घोट्यापर्यंत पाण्यात आहेत आणि समोर दूरवर पाणी पसरलंय. आता सांगा, या पाण्यात कोण कोण राहतं?

मासे, तुम्ही म्हणाल. बेडूक. थोडा वेळ थांबलात तर कमळाच्या पानांवरून पळणारी पाणकोंबडी दिसेल. तासभर न बोलता बसलात तर तुमच्या अंगठ्याला एखादा बारका मासा टोचून जाईल आणि तुम्ही त्याला कधी विसरणार नाही.

पण त्याच पायऱ्यांवर, तुमच्या उजव्या हाताला, एक हिरवा डबा बोल्ट मारून बसवलेला आहे. त्याची नळी पाण्यात सोडलेली आहे. तो डबा एका मिनिटात सांगतो की या तलावात सत्तेचाळीस जातींचे प्राणी आणि पक्षी आहेत, ही घ्या यादी. मग तुम्ही तासभर बसाल का?

खरं सांगा, मी रागावणार नाही. आमच्या शाळेतली मुलंही बसत नव्हती. तेव्हा मी रागावलो होतो आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

डब्याचं सरकारी नाव होतं जलजीववाचक. त्यात जादू काही नाही. तुम्ही गालावरून हात फिरवलात की तुमच्या त्वचेचे बारीक कण हाताला लागतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण प्रत्येक कणात तुमची ओळख लिहिलेली असते. त्या लिखाणाला डीएनए म्हणतात. चार अक्षरांची ती लिपी आहे, आणि प्रत्येक जातीच्या जिवात त्या अक्षरांचा क्रम वेगळा असतो. मासा पोहताना त्याच्या अंगावरचा चिकट थर पाण्यात सुटतो. पक्षी पाणी प्यायला की चोचीतली लाळ सुटते. बेडकाची कात, म्हशीचं शेण, सगळं पाण्यात मिसळतं. डबा रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी गाळून घेतो, गाळणीवर उरलेले लिपीचे तुकडे वाचतो आणि आपल्या संग्रहातल्या हजारो जातींशी ताडून बघतो. जुळला तुकडा की यादीत नाव. हे तुकडे उन्हापाण्यात आठवडाभर टिकतात, मग विरून जातात.

डबा हुशार होता, हे मी आजही म्हणेन. रात्री येऊन पाणी पिणारं रानमांजर त्याला कळायचं. पण तुकडा कुणाचा आहे एवढंच तो सांगू शकतो. तो तिथे कसा आला, हे त्याला कळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ती लक्षात ठेवली नव्हती.

वैनगंगेच्या खोऱ्यात आमचं गाव आहे, चिचटोला. गावाला लागून जांभळीचा तलाव. शाळेतून निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी सकाळी मी पाचवी-सहावीच्या सत्तावीस मुलांचा निसर्गवर्ग घ्यायचो. तलावाची माती कालवून बैल करायचे, पानांचे ठसे काढायचे, बांबूच्या कामट्यांचा बगळा करून तो वाऱ्यावर हलवायचा. हाताने केलं की डोळ्यांना दिसायला लागतं, एवढीच माझी समजूत.

डबा आला आणि वर्षभरात शिक्षण विभागाने त्याला आमच्या वर्गाशी जोडलं. मुलांची चित्रं कॅमेऱ्यासमोर धरायची, कॅमेरा ती डब्याच्या यादीशी ताडून बघणार आणि शंभरापैकी सत्यता गुण देणार. यादीतले जितके जीव चित्रात, तितके गुण जास्त.

मग काय व्हायचं ते झालं. मुलं शाळेच्या फाटकावरच्या फलकावर यादी वाचायची आणि पायऱ्यांवर बसून, तलावाकडे पाठ करून, चित्रं काढायची. टिकेश नावाचा एक चुणचुणीत मुलगा होता. त्याने एकदा बारा मासे एका रांगेत काढले, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. त्यात एक वाम होती, सापासारखी लांब, आणि तिला त्याने पाय काढले होते. वाम कधी पाहिलीस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाही, पण आहे ती, डब्यानं सांगितलं. त्याला अठ्ठ्याऐंशी गुण मिळाले. पायांबद्दल कॅमेऱ्याची काही तक्रार नव्हती.

एकच मुलगी पाण्याकडे तोंड करून बसायची. आचल दिघोरे, सहावीतली. तिची आई तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवर बायांच्या गटाची प्रमुख. आचलने त्या पावसाळ्यानंतर जे चित्र काढलं ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. कागदाचा दोन तृतीयांश भाग बेशरमने भरलेला. ही झुडपं तुम्ही पाहिली असतील, जांभळट फुलांची. तलावात शिरली की पाणी गिळत जातात. उरलेल्या तुकड्यात पाणी, दोन बगळे आणि एक म्हैस. वर रिकामं आभाळ. तिला अकरा गुण मिळाले.

"गुरुजी, बाकीचे प्राणी मला दिसले नाही, तर मी काहून काढू?" ती म्हणाली.

मी म्हणालो, काढू नकोस. पण गुणपत्रिकेवर अकराच राहिले.

ही सगळी चीड मनात ठेवून मी एक नवा उपक्रम काढला. माझ्याकडे पत्र्याच्या पेटीत पक्ष्यांची गळलेली पिसं होती. मी तरुण मास्तर होतो तेव्हा जांभळीच्या कडेच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, सारसांच्या तीन जोड्या घरटी करायच्या. उभा राहिला की माणसाएवढा उंच, करड्या रंगाचा, मानेपासून वर लाल. त्यांची गळलेली पिसं मी बांधावरून वेचून ठेवली होती. शेवटची जोडी गेल्याला वीस वर्षं झाली होती. मी मुलांना म्हणालो, ज्या पक्ष्याचं चित्र, त्याच्याच पिसाने काढायचं. पीस चिखलाच्या रंगात बुडवा आणि कागदावर ओढा. बघा पिसाची रेघ कशी येते.

मुलं पहिल्यांदा गप्प झाली. टिकेशनेसुद्धा फलकाकडे न बघता तासभर रेघा ओढल्या. त्या सकाळी मला वाटलं, जिंकलो. वर्ग सुटला की मी सगळ्यांना पायऱ्यांवर न्यायचो आणि पिसं धुवायला लावायचो. नीट धुवा, बुडखा बोटांनी चोळा, रंग राहिला तर पीस सडेल, असं मीच बजावायचो. सत्तावीस मुलं तिसऱ्या पायरीवर ओणवी होऊन पिसं खळबळायची. डब्याची नळी तिथून दोन हातांवर होती.

पहिल्याच आठवड्यात फलकावर नाव आलं. सारस.

मुख्याध्यापिका रहांगडाले बाई धावतच वर्गात आल्या. बाई मनाने चांगल्या, शाळेसाठी राबणाऱ्या. त्यांनी दुपारी सगळ्या शाळेला पेढे वाटले. वीस वर्षांनी सारस परतला म्हणून गावात फटाके फुटले. मीही एक पेढा खाल्ला. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले होते. संध्याकाळी मी तलावाच्या पाळीवर दोन तास उभा राहिलो. बगळे दिसले.

सारसाचं नाव तीन आठवडे सलग दिसलं की तलाव सुदृढ, असा नियम होता. तसं ते दिसलं आणि फलकाचा रंग बदलला. जांभळीचा तलाव सुदृढ जाहीर झाला. त्याचा अर्थ पेढे खाताना कुणाच्या लक्षात आला नव्हता. डबा बसवणाऱ्या विभागाकडे आजारी तलावांची एक यादी होती. त्यात जांभळीचा नंबर चौथा. येत्या उन्हाळ्यात यंत्रं येऊन बेशरम मुळासकट काढणार, गाळ उपसणार आणि माशांना लागणाऱ्या पाणवनस्पती लावणार, असं ठरलं होतं. ढिवर बायांनी सहा वर्षं अर्ज करून मिळवलेला हा नंबर. सुदृढ तलावावर कोण उपचार करणार? जांभळीचं नाव यादीतून गेलं. आणखी तीन-चार उन्हाळे असेच गेले असते तर बेशरमने उरलेलं पाणीही खाल्लं असतं.

आचलची आई शाळेत आली ती ओल्या लुगड्यानिशी, थेट तलावातून. बाईंच्या टेबलासमोर न बसता उभी राहिली.

"आम्ही बाया आठवड्यातून चार दिवस त्या पाण्यात कमरेपर्यंत राहतो," ती म्हणाली. "माणसाएवढा पक्षी. दडते कुठं तो? आमच्या टोपलीखाली?"

बाई म्हणाल्या, पहाटे येत असेल. आई म्हणाली, पहाटे कोण जाते मग तलावावर, तुम्ही? बाईंनी यंत्राचा कागद दाखवला, त्यावर सही-शिक्का होता. आईने तो हातात घेतला नाही. हात ओले आहेत म्हणाली.

मी तिथेच बसलो होतो. मी काय बोललो असेन? मी म्हणालो की वैनी, डबा सहसा चुकत नाही. चाळीस वर्षं मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी बघा म्हणून शिकवणारा मी, तलावात उभ्या राहणाऱ्या बाईला असं म्हणालो. माझा सारस परत आला होता ना.

पुढच्या गुरुवारी आचल माझ्या घरी आली. वहीची दोन पानं फाडून आणली होती. फलकावर प्रत्येक नावापुढे ठिपके यायचे, खूण जोरकस तर जास्त, पुसट तर कमी. तिने महिनाभर रोज सारसापुढचे ठिपके मोजून लिहिले होते.

"गुरुजी, सारस फक्त शनिवारी येते," ती म्हणाली. "शनिवारी संध्याकाळी नऊ ठिपके. रविवारी सात. गुरुवारी एक. परत शनिवारी नऊ. दिवाळीच्या सुट्टीतल्या शनिवारी तर आलाच नाही. त्याला शाळेची सुट्टी कशी कळते?"

मी पानं बघत राहिलो. मग तिने हळूच ओसरीवरच्या पत्र्याच्या पेटीकडे बघितलं, आणि लगेच नजर वळवली. तिला आधीच कळलं होतं. मला ते स्वतः सुचेपर्यंत थांबायची तिची तयारी होती. माझ्याच वर्गात मी मुलांसाठी जसा थांबतो, तशी.

पिसाच्या बुडख्यात, जिथे ते कातडीला चिकटलेलं असतं, पक्ष्याची लिपी कितीतरी वर्षं कोरडी राहते. मी ती सत्तावीस मुलांकडून दर शनिवारी पाण्यात चोळून घेत होतो. तलावात सारस मीच सोडला होता.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की गुरुजी, तुम्हीच म्हणायचे ना सारस यावा म्हणून? आता आला तर नाही म्हणता. शाळेला निसर्गकेंद्राचा दर्जा मिळणार होता, पडताळणीला माणसं येणार होती, मुलांची नावं छापून येणार होती. शिवाय सारसासारख्या संरक्षित पक्ष्याची पिसं घरात ठेवलीत म्हणून तुमच्यावरच कारवाई होईल, हेही त्यांनी काळजीनेच सांगितलं. मी म्हणालो, होऊ दे. त्या म्हणाल्या, आणि शाळेवर?

मी डब्याच्या विभागाला लिहिलं. अर्ध्या मिनिटात यंत्राचंच उत्तर आलं: आपले निरीक्षण नोंदीशी विसंगत असल्याने ग्राह्य धरता येत नाही. मी परत लिहिलं, जरा विस्ताराने. तेच उत्तर. तिसऱ्यांदा मी फक्त एवढंच विचारलं की हे कुणी माणूस वाचतं का. तेच उत्तर. त्या दिवशी मी हातातला चहा अंगणात भिरकावला, कपासकट. एवढ्या वयात शोभत नाही, पण फेकला.

पडताळणीचा दिवस शनिवारच निघाला. नागपूरहून डब्याच्या विभागाच्या देवगडे मॅडम आल्या. तिशीच्या, हसऱ्या, पायात मोठे बूट. मला ताप असल्याचं कळवून मी पिसांचा वर्ग बंद ठेवला होता. म्हटलं, निदान आज तरी डबा खरं बोलेल. पायऱ्यांवर पोचलो तर स्वागताला सत्तावीस मुलं उभी, आणि सव्वीस जणांच्या डोक्याला पट्टीत खोचलेली सारसाची पिसं. बाईंनी शुक्रवारी माझ्या घरून पेटी मागवली होती आणि माझ्या सुनेने भाबडेपणाने दिली होती. पिसं मळलेली दिसत होती म्हणून सकाळी सगळ्यांनी तिसऱ्या पायरीवर ती स्वच्छ धुतली होती, मी शिकवलं होतं तशी. बुडखा चोळून.

आचलच्या डोक्याला पीस नव्हतं.

मॅडमनी कळ दाबली तसं डब्याने पाणी ओढलं. पाऊण तासाने डब्याच्या पडद्यावर सारसापुढे चौदा ठिपके आले. टाळ्या झाल्या. बाईंनी मला डोळ्यांनी विनवलं. मी पुढे झालो आणि सगळ्यांसमोर मॅडमना सांगितलं. पेटी, पिसं, शनिवार, आचलची पानं. तिथेच पायरीवर ठेवलेली माझी पेटी उचलून, ती हातात धरूनच सांगितलं, म्हणजे मला माघार घेता येऊ नये. माझा आवाज चढला होता. मुलं घाबरून बघत होती, कारण त्यांनी मला तसं कधी ऐकलं नव्हतं.

देवगडे मॅडमनी पानं नीट वाचली. त्यांचं हसू गेलं. त्या म्हणाल्या, "काका, मला पटतंय. पण मी माझ्या पटण्यावर सही करू शकत नाही. यंत्राची नोंद फक्त यंत्राच्याच नोंदीने खोडता येते, आणि माझा नमुना तर इथूनच घ्यायचा असं ठरलेलं आहे." त्यांनी पायरीकडे बोट दाखवलं. मग फॉर्म चाळत म्हणाल्या, "विद्यार्थ्याचा एक नमुना असतो, तोही यंत्रच वाचतं. तो कुठून घ्यायचा ते मात्र लिहिलेलं नाही."

पडताळणीच्या फॉर्मवर तशी ओळ होती: एका विद्यार्थ्याने एक नमुना घ्यावा. आजवर त्या ओळीचा उपयोग फोटोपुरता व्हायचा. बाटली मॅडम भरायच्या, एखादं गोड दिसणारं मूल ती छातीशी धरायचं. बाईंनी टिकेशला पुढे केलं होतं, केसांना तेल लावून. टिकेशने बाटलीकडे बघितलं, डोक्यावरचं पीस चाचपलं आणि मागे सरकला.

"आचलला द्या," तो म्हणाला. "ती खरंच भरेल."

आचलने बाटली घेतली नाही. आधी मॅडमच्या पिशवीतलं साबणाचं पाणी मागून तिने कोपरापर्यंत हात धुतले, पायऱ्यांपासून दूर, मातीवर. मग टोपणबंद बाटली घेतली आणि पाळीवरून चालत निघाली. आम्ही सगळे मागून. तलावाच्या वरच्या अंगाला, जिथे नाल्याचं पाणी आत येतं, तिथे ती थांबली. तिथे बेशरमचं रान होतं आणि त्यापलीकडे पाणी. तिची आई नेहमी तिथूनच आत उतरायची. आज मात्र आई आधीच येऊन पाळीवर उभी होती.

आचल झुडपांत शिरली. दोन पावलांत ती गुडघ्यापर्यंत चिखलात रुतली आणि कलंडली. मी विचार न करता पेटी खाली ठेवली, धोतर खोचलं आणि हात पुढे करून तिच्याकडे निघालो.

तिने मान वळवली.

"गुरुजी, तिथंच थांबा," ती म्हणाली. "तुमच्या हाताला सारस आहे."

मी थांबलो. माझा हात तसाच हवेत राहिला.

तिने एक फांदी वाकवून धरली, पाय उपसला आणि पुढे गेली. फांद्या तिच्या मागे मिटल्या. थोडा वेळ नुसती पानं हलताना दिसत होती. मग ती पलीकडच्या पाण्यात छातीपर्यंत उभी असलेली दिसली. तिने टोपण तिथे गेल्यावरच उघडलं, बाटली पालथी धरून खोल बुडवली, पाण्याखाली सुलटी केली आणि आतच टोपण लावलं. परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते. बाटली तिने कुणाच्या हातात दिली नाही. मॅडमच्या बुटांसमोर गवतावर ठेवली आणि चार पावलं मागे सरली.

मॅडम वाकल्या. त्यांनी बाटलीवर तारीख लिहिली, वेळ लिहिली, तिचं नाव विचारून लिहिलं. आम्हाला वाटलं, झालं.

आचलने चेहऱ्यावरचं पाणी बाहीने पुसलं आणि हात पुढे केला.

"अजून एक बाटली द्या," ती म्हणाली. "एकदा बघून काय कळते?"

मॅडमनी पिशवीतून दुसरी बाटली काढली. ती घेऊन आचल परत चिखलात उतरली, या वेळी आणखी थोडं पुढच्या बाजूने.